जुनी शर्यतीची कॅटमरान: कमी पैशांत घ्यावी कशी, चालवावी कशी

(व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे. शेवटची प्रश्नोत्तरे निवडक आहेत.)

विषय वाचून काहींना वाटलं असेल की हा पैसेवाल्यांचा छंद दिसतोय. शिडाची बोट, तीही शर्यतीची, आणि तीही दोन अंगांची! पण इथे इंग्लंडच्या किनाऱ्यावर कुठल्याही सेलिंग क्लबच्या आवारात मागच्या कोपऱ्यापर्यंत चालत जा. गवतात चाकं रुतलेली, हिरव्या पडलेल्या ताडपत्रीखाली झाकलेली एखादी तरी कॅटमरान बहुतेक सापडेल. मालकाची पाठ दुखायला लागलेली असते, किंवा बरोबर येणारा क्रू दुसऱ्या गावी गेलेला असतो, आणि क्लब दरवर्षी जागेचं भाडं मागत असतो. अशी बोट कधीकधी एखाद्या चांगल्या सायकलीच्या किमतीत सुटते. कधी तर "घेऊन जा बाबा एकदाची" एवढ्यावरही.

आपल्यातल्या बऱ्याच जणांना तिथेच मोह होतो. म्हणून आजचा प्रश्न सरळ आहे. स्वस्तात मिळालेली ही बोट स्वस्तात पडेल का? आणि तिच्यावर बसून आपण थंड पाण्यात जाणार आहोत, तर ती आपल्याला परत आणेल का? माझं उत्तर एका शब्दाभोवती फिरतं. तो शब्द आहे ताठपणा. शर्यतीची बोट वेगवान असते ती ताठ असते म्हणून, आणि वय झालं की पहिला जातो तो ताठपणाच. तेव्हा तुम्ही पैसे मोजता ते शिल्लक राहिलेल्या ताठपणाचे. रंग, चमक, नवी दोरी, शिडावरचा नंबर, हे सगळं नंतर.

आधी नावाचं थोडं. कॅटमरान हा शब्द तमिळमधला. कट्टु म्हणजे बांधणं, मरम म्हणजे लाकूड, झाड. कट्टुमरम म्हणजे ओंडके एकत्र बांधून केलेला तराफा. गंमत अशी की आज आपण जिला कॅटमरान म्हणतो, ती दोन वेगळी अंगं आडव्या दांड्यांनी जोडलेली बोट, तिचे पूर्वज तमिळ किनाऱ्यावरचे नव्हेत, पॅसिफिकमधल्या बेटांवरचे. नाव एकीकडचं, बोट दुसरीकडची. आपल्या कोकणात मालवण-वेंगुर्ल्याकडे होडीला बाजूला उलांडी बांधतात, ती या घराण्याच्या जास्त जवळची. तत्त्व तेच: होडी जड न करता तिचा पाया रुंद करायचा.

१८७६ साली अमेरिकेत नॅथॅनिएल हेरशॉफ या बोटबांधणाऱ्याने 'अमॅरिलिस' नावाची दोन अंगांची बोट न्यूयॉर्कच्या शर्यतीत उतरवली. तिने बाकीच्यांना इतकं मागे टाकलं की तक्रार झाली आणि तिला बाद ठरवलं गेलं. त्यानंतर बराच काळ हा प्रकार शर्यतीच्या जगात उपराच राहिला.

आता ती पळते का ते बघू, कारण घेताना काय तपासायचं ते यातूनच निघतं. साधी जाड बोट पाण्यातून जाताना स्वतःच्याच लाटेत अडकते. वेग वाढला की लाट लांबते, आणि एका मर्यादेनंतर बोट स्वतःच्या लाटेचा चढ चढत बसते. २० फूट लांबीच्या बोटीला ही मर्यादा साधारण ६ नॉटवर येते, म्हणजे ताशी ११ किलोमीटर. पण बोटीचं अंग लांबीच्या मानाने फारच अरुंद केलं तर लाट जवळजवळ उठतच नाही, आणि ती मर्यादा नावापुरती उरते. मात्र इतकं अरुंद अंग एकटं उभं राहणार नाही, कलंडेल. म्हणून दोन अंगं घ्यायची आणि लांब ठेवायची. या एकेका अंगाला सगळे हल म्हणतात, आपणही तेच म्हणू.

दुसरा भाग म्हणजे वाऱ्याला तोंड देण्याची ताकद. टॉर्नेडो ही बोट उदाहरणाला घेतो. लांबी ६.१ मीटर, रुंदी ३ मीटर, वजन साधारण १५५ किलो. वारा एका बाजूने शिडाला ढकलतो, वाऱ्याकडचा हल पाण्याबाहेर यायला लागतो. त्या क्षणी सगळं वजन दुसऱ्या हलवर तोललेलं असतं. बोटीचं वजन त्या हलपासून दीड मीटरवर: १५५ गुणिले दीड, म्हणजे सुमारे २३०. सुकाणूवाला ७५ किलोचा, तीन मीटरवर बसलेला: २२५. क्रू ट्रॅपीझवर, म्हणजे डोलकाठीच्या तारेला लटकून बोटीबाहेर ताठ उभा, चार मीटरवर: ३००. बेरीज साडेसातशेच्या वर. आता तुलनेला हॉबी १६ घ्या. वजन १४५ किलो, रुंदी २.४१ मीटर. तीच माणसं घेतली तर बेरीज सहाशेच्या आसपास येते. हिशोब ढोबळ आहे, पण प्रमाण बरोबर आहे.

हे साडेसातशे कुठे जातात? डोलकाठी उभी धरणाऱ्या बाजूच्या तारेत. ती तार डोलकाठीच्या बुंध्यापासून सुमारे दीड मीटरवर हलला जोडलेली असते. म्हणजे तारेत जवळपास अर्धा टन ताण. जेमतेम चार मिलिमीटर जाडीची तार! डोलकाठी तेवढ्याच जोराने, खरं तर त्याहून जास्त, पुढच्या आडव्या बीमवर खाली दाबते. मी पेशाने इमारतींचं स्ट्रक्चर बघणारा माणूस. माझ्या दृष्टीने ही बोट म्हणजे चार सांध्यांवरचा एक पूल आहे, आणि त्या पुलाला दर तीन सेकंदांनी पीळ बसतो, कारण एक हल लाटेवर असतो तेव्हा दुसरा दोन लाटांच्या मध्ये.

हा पीळ सांध्यांनी सहन केला नाही तर काय होतं? पुढची तार सैल पडते, पुढच्या शिडाची कड झोळीसारखी लोंबते, आणि बोट वाऱ्याच्या दिशेने वर चढेनाशी होते. वाऱ्याचा झोत आला की त्याचा वेग व्हायला हवा. इथे तो झोत बोट वाकवण्यात खर्च होतो. शर्यतवाला म्हणतो, "बोट मऊ पडली." आणि विकायला काढतो. लक्षात घ्या, मऊ पडलेली बोट आठवड्याला एकदा हौसेने फिरायला वाईट असेलच असं नाही. पण ती नुसती मऊ पडली आहे की तुटायच्या बेतात आहे, हा फरक तुम्हाला ओळखता आला पाहिजे.

कोणती बोट घ्यावी? मी तीनच नावं घेतो, कारण जुन्या बाजारात वारंवार दिसतात.

टॉर्नेडो रॉडनी मार्च यांनी १९६७ साली आखली, ब्रिटनमध्येच. १९७६ साली ती ऑलिंपिकमध्ये आली आणि पहिलं सुवर्ण ब्रिटनच्या रेज व्हाइट आणि जॉन ऑस्बर्न यांनी घेतलं. २००० च्या सिडनी ऑलिंपिकनंतर तिच्यावर दुसरी ट्रॅपीझ आणि मोठं फुगीर स्पिनकर शीड आलं. २००८ हे तिचं शेवटचं ऑलिंपिक. २०१२ मध्ये दोन हलच्या बोटीला जागाच नव्हती, आणि २०१६ मध्ये आली ती वेगळीच, नॅक्रा १७. या इतिहासाचा तुमच्या खिशाशी थेट संबंध आहे. ऑलिंपिकचं तिकीट गेलं की संघांचा पैसा जातो, आणि एकेकाळी देशाचा झेंडा लावून पळालेल्या बोटी हौशी लोकांच्या आवाक्यात येतात. अप्रतिम बोट आहे, मी तिच्या प्रेमात आहे. तरीही पहिली बोट म्हणून घेऊ नका असंच सांगेन. तिची तीन मीटर रुंदी रस्त्यावर चालत नाही. युरोपात ट्रेलरची रुंदी २.५५ मीटरपर्यंतच असते. म्हणजे प्रत्येक वेळी ती सुटी करा, किंवा तिरकी उभी करणारा खास ट्रेलर घ्या. वाळूवर ती ओढायला दोघं कमी पडतात. आणि तिला तितकाच तयार, दर आठवड्याला येणारा जोडीदार लागतो. जुन्या बाजारात बोट मिळते हो, जोडीदार मिळत नाही.

हॉबी १६ कॅलिफोर्नियाच्या हॉबी आल्टर यांची. केळ्यासारखे वाकलेले हल, खाली सेंटरबोर्ड नाही, सुकाणू आपटलं की आपोआप वर उचललं जातं. वाळूवरून आत, वाळूवर बाहेर. जगभर इतक्या बनल्या आहेत की सुटे भाग नवे-जुने दोन्ही मिळतात, आणि कमी बजेटमध्ये हा मुद्दा वेगापेक्षा मोठा. दोष एकच, पण तो दोष थरारक आहे: नाकावर आपटण्याची सवय. त्याबद्दल पुढे बोलतो.

तिसरी डार्ट १८, हीसुद्धा रॉडनी मार्च यांचीच. हिलाही सेंटरबोर्ड नाही, शिडाच्या खालचा बूमही नाही, म्हणजे वळताना डोक्यावर काही आदळत नाही. लवकर सुटी होते, लवकर जुळते. ब्रिटनमध्ये राहणाऱ्या आणि पहिल्यांदा घेणाऱ्या माणसाला मी हिच्याकडेच ढकलतो. पण एक अट सगळ्यांवर मात करते: ज्या क्लबमध्ये तुम्ही जाणार तिथे ज्या जातीच्या बोटी आहेत, तीच घ्या. शेजारच्या बोटीवरचा माणूस तुमची अडचण दोन मिनिटांत ओळखतो. एकट्या पडलेल्या जातीच्या बोटीला अडचण ओळखणारा कुणी नसतो.

आता प्रत्यक्ष बोट बघायला गेलोय असं धरू. बरोबर काय न्यायचं? एक नाणं, साबणाचं पाणी, फडकं, बाथरूममधला वजनकाटा आणि टॉर्च. मालकाला आधीच सांगा, बोट पूर्ण जुळवून, डोलकाठी उभी करून दाखवा. "सगळं आहे, गॅरेजमध्ये आहे" म्हणजे काहीतरी नाही.

पहिली परीक्षा पिळाची. बोट सपाट जागी ठेवा. एका हलचं पुढचं टोक, ज्याला आपले कोळी नाळ म्हणतात, ते हाताने उचला. दुसरी नाळ कधी उचलली जाते ते बघा. ताठ बोटीत ती जवळजवळ लगेच येते. तुमचं टोक वीतभर वर आलं आणि दुसरं अजून जमिनीवरच झोपलेलं असेल, तर सांधे ढिले आहेत. मग कान लावा. उचलताना कुरकुर कुठून येते? बीम आणि हलच्या जोडाशी, की हलच्याच आतून? बोल्ट आवळून जाणारी कुरकुर ही दुरुस्ती झाली. हलच्या आतून येणारी कुरकुर ऐकली की मी आभार मानतो आणि निघतो. हॉबी १६ मध्ये चार खांबांवर चौकट बसवलेली असते, तिथे प्रत्येक कोपरा धरून हलवून बघा.

दुसरी परीक्षा हलच्या कातडीची. बहुतेक जुन्या शर्यतीच्या कॅटमरानचे हल सँडविचसारखे: बाहेर फायबरग्लासचा पातळ थर, मध्ये फोम, आत पुन्हा फायबरग्लास. ताकद येते ती या तिघांच्या चिकटून राहण्यातून. थर सुटले की पाव आणि भाजी वेगळी झाली. नाण्याने टकटक करत पुढून मागे जा. चांगल्या ठिकाणी आवाज टणक येतो, सुटलेल्या ठिकाणी भद्द. अंगठ्याने दाबा. हॉबी १६ मध्ये पुढच्या बीमच्या पुढचा वरचा भाग सगळ्यात आधी मऊ पडतो, तिथे सावकाश दाबा. तळहाताएवढा मऊ भाग असेल तर बारीक भोकं पाडून पातळ इपॉक्सी आत भरता येते, आणि ते काम घरी जमतं. हातभर लांब असेल तर ती बोट सुट्या भागांच्या किमतीत मिळाली तरच घ्या. सुरुवातीच्या टॉर्नेडो पातळ प्लायवूड वाकवून केलेल्या होत्या. तशी भेटली तर दिसायला देखणी असते, पण लाकूड कुजलंय का हे शोधणं वेगळंच शास्त्र आहे. लाकूडकामाचा हात नसेल तर दुरून नमस्कार.

तिसरी परीक्षा पाण्याची, म्हणजे आत शिरलेल्या पाण्याची. दोन्ही हलखाली एकाच जागी आळीपाळीने वजनकाटा ठेवा. डाव्या-उजव्यात चार-पाच किलोचा फरक निघाला तर विचारा का. एक तर मोठी दुरुस्ती झाली आहे, नाहीतर फोमने पाणी प्यायलं आहे. मग मागचं पाणी सोडायचं बूच काढून तिथे नळी लावा, तोंडाने हलकी हवा भरा, आणि दुसऱ्याला सांधे साबणाच्या पाण्याने पुसायला सांगा. बुडबुडा दिसला तिथे गळती. तोंडानेच हं! पंप किंवा कंप्रेसर लावलात तर बरे असलेले सांधेही उघडतील.

चौथी गोष्ट धातूची. डोलकाठी आणि बीम ॲल्युमिनियमचे, बोल्ट आणि रिव्हेट स्टेनलेस स्टीलचे. दोन धातू, मध्ये खारं पाणी: बॅटरीच झाली की ती. बिचारं ॲल्युमिनियम झिजतं. बोल्टभोवती पांढरी भुकटी आणि रंगाला फोड दिसले की आत खड्डा आहे. पुढच्या बीमखाली एक वाकडी सळई असते, डोलकाठीचा दाब झेलायला. तिच्या टोकांशी टॉर्च मारून केसासारखी चीर शोधा. आणि बाजूच्या तारा जिथे हलला जोडल्या आहेत, तिथे कोळ्याच्या जाळ्यासारख्या चिरा बाहेर पसरल्या आहेत का ते बघा. अर्धा टन आठवतोय ना? तो तिथे ओढ लावतो.

शिडांबद्दल मी थोडक्यात उरकतो, कारण लोक तिथेच जास्त वेळ घालवतात. शीड जुनं असेल तर वेग कमी होईल, जीव जाणार नाही. नव्या शिडांचा पूर्ण संच बोटीच्या किमतीपेक्षा महाग पडू शकतो. पहिली दोन वर्षं जुन्यावरच शिका. नंतर शर्यतवाल्यांकडून त्यांनी उतरवलेली घ्या. त्यांना जे थकलेलं वाटतं ते आपल्याला नवंकोरं असतं.

मग पैसा आधी कुठे घालायचा? बोट कितीही छान दिसो, डोलकाठीच्या सगळ्या तारा मी घेतल्या घेतल्या बदलतो. स्टेनलेसची तार आतून थकते, बाहेरून सांगत नाही. सांगते तेव्हा टोकाच्या नळीपाशी एक तंतू तुटून बोट कापतो, आणि तोवर उशीर झालेला असतो. पाठोपाठ ट्रॅपीझच्या दोऱ्या आणि पट्टा, बुचं आणि झाकणांची रबरं, सुकाणूच्या बिजागऱ्यांमधला खडखडाट. मग ट्रॅम्पोलिन, म्हणजे दोन हलमधली जाळी, जिच्यावर आपण बसतो. उन्हाने तिची शिवण कुजते. नखाने टाका ओढून बघा, तुटला तर जाळी पुन्हा शिवून घ्या. याशिवाय क्लबची वर्गणी, जागा, विमा, ट्रेलर, वाळूवरची चाकं. बोटीला जितके दिले तितकेच पहिल्या वर्षी बाजूला ठेवा, असं मी सांगतो. हा माझा अंदाज आहे, नियम नव्हे, पण याहून कमी धरलेली माणसं जुलैत खरेदी करून सप्टेंबरात पुन्हा विकताना दिसतात.

पाण्यात जाण्याआधी एक नजर वर. डोलकाठी आठ-नऊ मीटर उंच आणि धातूची. ती उभी करून बोट किनाऱ्यावर ढकलताना विजेच्या तारांना लागून माणसं मेली आहेत. हॉबी कंपनीने ८० च्या दशकात डोलकाठीचा वरचा भाग वीज न वाहणाऱ्या फायबरचा केला तो याच कारणाने. तुमच्या जुन्या बोटीला तो वरचा वेगळ्या रंगाचा तुकडा आहे का ते बघा. असला तरी तारांखाली जायचं नाही.

आता चालवणं. एका हलची डिंगी चालवलेल्यांना पहिला धक्का वळताना बसतो. कॅटमरान हलकी, तिला स्वतःची धाव नाही. वाऱ्याच्या नाकासमोर आली की थबकते आणि उलटी मागे जायला लागते. म्हणून वळण्याआधी पूर्ण वेग हवा. सुकाणू झटक्याने फिरवायचं नाही, ते ब्रेकसारखं लागतं. सावकाश सुरू करा आणि नाळ वाऱ्यात आली की मोठ्या शिडाची दोरी हातभर सोडा. पुढचं शीड मात्र जुन्याच बाजूला धरून ठेवा. वारा त्यात उलटा भरतो आणि नाळ ढकलून देतो. ती पलीकडे गेली की मग सोडा. आणि वाऱ्याच्या फार जवळून रेटू नका. थोडं मोकळं जा, अंतर वाढतं पण वेग दुपटीने परत मिळतो.

दुसरा धक्का जास्त मोठा. वारा बाजूने येतोय, बोट भन्नाट पळतेय, आणि पुढची लाट येते. वाऱ्याच्या विरुद्ध बाजूच्या हलची नाळ पाण्यात घुसते. बोट जागच्या जागी थांबते, तुम्ही थांबत नाही. ट्रॅपीझवरचा माणूस तारेला लटकलेला, पुढे झोका घेऊन डोलकाठीभोवती जातो, आणि बोट पुढच्या टोकावरून कोलांटी मारते. हॉबी १६ याबाबत कुप्रसिद्ध आहे, कारण तिच्या नाळेत फुगवटा कमी. उपाय घाबरण्याच्या आधी करायचा असतो. दोघांनीही मागे सरका, अगदी मागच्या बीमपाशी. क्रूने पाय टेकवायचा तो पुढे नाही, मागे. नाळ बुडायला लागली की शीड सोडा, आणि सुकाणू झटकू नका. सगळ्यात वाईट कोन म्हणजे वारा बरोबर बाजूने असण्याचा. झोत आला तर वर जायचं की खाली, हे त्या कोनाला लागण्याआधीच ठरवून ठेवा.

उलटली तर? उलटणारच. बोटीपासून दूर पोहत जाऊ नका. ती वाऱ्याने तुमच्यापेक्षा जोरात वाहते. शिडाच्या दोऱ्या मोकळ्या करा, नाळ वाऱ्याकडे येऊ द्या, खालच्या हलवर उभे राहा, सरळ करायची दोरी धरून मागे झुका. डोलकाठी आतून बंद असली तर ती तरंगते आणि बोट पूर्ण पालथी होत नाही. म्हणून तिच्या जोडांची गळतीही घरीच तपासायची. इथे वजन लागतं. हलक्या, एकट्या माणसाला हॉबी १६ सरळ होईलच असं नाही, टॉर्नेडो तर विसराच. आणि ट्रॅपीझच्या पट्ट्यात एक बोथट टोकाची सुरी बांधलेली हवी. जाळीखाली तारेत अडकलात तर कापायला.

कपडे हवेचा अंदाज बघून घालू नका, पाण्याचा बघून घाला. एप्रिलमधला लख्ख दिवस, हवा १८ अंश, पाणी १० च्या आसपास. पडल्यावर पहिल्या मिनिटात श्वास आवरत नाही, धाप लागते, आणि तेव्हाच लोक पाणी गिळतात. आरएनएलआय ही इथली जीवरक्षक संस्था सांगते तेच बरोबर: पाठीवर तरंगा, श्वास ताब्यात येऊ द्या, मग हालचाल. पण त्यासाठी अंगात वेटसूट आणि वर तरंगणारं जॅकेट पाहिजे. हा खर्च मी बोटीच्या बजेटमध्येच धरतो.

(श्रोत्यांचे प्रश्न)

प्रश्न: माझी मुलगी १४ वर्षांची आहे, क्रू म्हणून चालेल का?

हो, छान चालेल, आणि हलकी माणसं कमी वाऱ्यात बोट उडवतात. पण दोघांचं मिळून वजन बोट सरळ करायला पुरतं का, ते पहिल्या दिवशी किनाऱ्याजवळ, छाती-गळ्याएवढ्या पाण्यात, क्लबची बचाव नौका जवळ असताना मुद्दाम उलटवून बघा. जमलं नाही तर एक पिशवी मिळते, तिच्यात पाणी भरून दोरीला अडकवतात, तेवढं वजन वाढतं. तेही जमलं नाही, तर तिसरं मोठं माणूस असल्याशिवाय जोराच्या वाऱ्यात जायचं नाही.

प्रश्न: मालकाने पाण्यात चालवून दाखवली नाही तर?

तर किंमत सुट्या भागांची धरा. पण पिळाची आणि नाण्याची परीक्षा जमिनीवरच होते, त्यामुळे निम्म्याहून जास्त माहिती तुम्हाला तिथेच मिळते.

प्रश्न: इथे इतक्या स्वस्तात मिळते तर एखादी गावी रत्नागिरीला पाठवली तर?

हा प्रश्न मला दर वेळी येतो. २० फुटी कंटेनर आतून साधारण ५.९ मीटर लांब असतो. टॉर्नेडोचे हल ६.१ मीटर, म्हणजे ती तिथेच बाद. हॉबी १६ चे हल ५ मीटरचे, ते सुटे करून बसतील, पण तिची डोलकाठी ८ मीटरच्या वर आहे. म्हणजे ४० फुटी कंटेनर, किंवा दुसऱ्या कुणाच्या सामानात जागा मागायची. भाडं, आयात शुल्क आणि बंदरातला खर्च धरलात की बोटीची किंमत त्यात दिसेनाशी होते. वर कोकणातलं ऊन ट्रॅम्पोलिन आणि शिडांना इथल्यापेक्षा फार लवकर खातं, आणि तुटलेला कोपऱ्याचा भाग पुन्हा इथूनच मागवावा लागतो. तरी पाठवायचीच असेल तर जागेची सोय आधी करा: पावसाळ्यातले चार महिने ती छपराखाली, डोलकाठी उतरवून आणि जमिनीला बांधून ठेवावी लागेल.